आठ बाय दहाचे भाऊजी

माणूस गेल्याचा निरोप वाईट असतो, हातपाय गाळून टाकणारा असतो, हे मला ठाऊक होतं. तो ओकारी आणणाराही असू शकतो हे गेल्या महिन्यात कळलं. सकाळी आम्ही रत्नागिरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये घावन आणि चहा घेऊन बसलो होतो. माझे यजमान मधुकर यांच्या फोनवर गावच्या ग्रुपमधून एक चित्र आलं. निळं आकाश, एका कोपऱ्यात समई, दुसऱ्या कोपऱ्यात उडणारी पांढरी कबुतरं आणि मधे गुलाबी गालांचा, दात पांढरेशुभ्र असलेला एक गृहस्थ. मधुकरनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "हा आपल्या सुधीरसारखा दिसतो, नाही गं?" सुधीरच होते ते. मधुकरचे धाकटे भाऊ, माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. सत्तरीला टेकलेला, उन्हानं रापलेला माणूस. पुढचे दोन दात पडलेले, कपाळावर बोटीच्या इंजिनरूममधल्या वाफेनं भाजल्याची खूण. कुणीतरी फोनवर बोट फिरवून ते सगळं पुसून टाकलं होतं. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याच्या खाली 'शोकाकुल' म्हणून एका दुसऱ्या माणसाचा हात जोडलेला फोटो, भाऊजींच्या फोटोपेक्षा मोठा. सख्ख्या भावाला भाऊ गेल्याचं अशा रीतीनं कळलं. फोन त्याच्या नंतर आला.

भाऊजी गावच्या घरात एकटेच राहत. सकाळी शेजारणीला ते ओटीवर खुर्चीतच बसलेले दिसले, चहा तसाच. गावात हाकेसरशी गाडी काढणारा माणूस एकच, विलासशेठ, म्हणून तिनं त्याला सांगितलं. विलासशेठनं डॉक्टर आणला, ही माणुसकी झाली. पण आम्हाला कळवायच्या आधी त्यानं स्वतःच्या हात जोडलेल्या फोटोसकट तो फलक करून घेतला आणि सगळीकडे धाडला. आम्ही गावात पोचलो तर फाट्यावर तोच फलक कापडावर छापून बांबूंना ताणलेला. स्मशानात हाच विलास पुढे झाला आणि म्हणाला, "सुधीरकाका म्हणजे आमचे मार्गदर्शक. कलामहर्षी. सड्याचं सौंदर्य त्यांनी जगाला दाखवलं." लाकडं अजून नीट पेटलीही नव्हती. मी बाईमाणूस म्हणून लांब उभी होते, नाहीतर काय बोलले असते कोण जाणे… तो सडा, म्हणजे गावावरचं ते कातळाचं पठार, पोखरून काढणारा माणूस हा विलासच होता. आणि भाऊजींच्या एका फोटोला भर कचेरीत खोटा म्हणणाराही हाच.

ते घडलं कसं, ते सांगायचं तर भाऊजींबद्दल आधी सांगायला हवं, आणि गोड गोड सांगून चालणार नाही. गोड बोलण्याची त्यांना शिसारी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ते बोटीवर होते, मालवाहू जहाजावर इंजिनिअर. वर्षातले काही महिने घरी यायचे आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढायचे. प्लॅस्टिकची फुलं दिसली की उचलून अंगणात फेकायचे. लग्नाच्या पंगतीत जेवायला बसायचे नाहीत. बुंदीला रंग घातलाय म्हणायचे. विडी ओढायचे, आणि विडीच्या, घामाच्या वासासकट माझ्या स्वयंपाकघरात येऊन कढीत मीठ कमी आहे हे सांगायचे. स्वतः लग्न केलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "ह्याला कोण देईल मुलगी? तिच्यातपण खोट काढील." मला सुरुवातीची कितीतरी वर्षं हा माणूस आवडला नाही, हे खरं आहे.

आमचं जमलं ते एक्स-रेमुळे. मी रत्नागिरीत एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायचे. तेव्हा अजून फिल्मवरच एक्स-रे निघत. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म रसायनात बुडवायची, धुवायची, टांगायची. भाऊजी बोट सोडून कायमचे घरी आले होते आणि रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला एका कारखान्यात पंप दुरुस्तीचं बघत होते. एका सुट्टीच्या दिवशी ते आमच्याकडे आले, आणि मी दवाखान्यातून आलेली, हातांना हायपोचा, म्हणजे फिल्मच्या रसायनाचा, तो आंबटसर वास. सासूबाई, मधुकर, मुलं, सगळी त्या वासाला नाक मुरडायची. भाऊजी थबकले. "वहिनी, तुम्ही फिल्म हातानं धुता?" म्हटलं, हो. तर म्हणाले, "केवढ्या मापाची?" म्हटलं, बरीच मापं असतात, आठ बाय दहा इंचाची असते, त्याहून मोठीही असते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी इतकी वर्षं ह्या घरात नव्हतेच, आत्ता आले.

त्यांच्या डोक्यात काय होतं ते मग उलगडलं. बोटीवर असताना कुठल्याशा बंदरात त्यांनी एका म्हाताऱ्याला धक्क्यावर फोटो काढताना पाहिलं होतं. लाकडी पेटीसारखा कॅमेरा, पुढे भिंग, मागे काच, मधे घड्याघड्यांचा चामडी भाता, आणि म्हातारा काळ्या कापडाखाली डोकं घालून. त्यानं ह्यांना त्या कापडाखाली बोलावलं. काचेवर सगळं बंदर उलटं लटकलेलं, क्रेन, जहाजं, माणसं, आणि प्रत्येक दोरखंडाचा पीळ दिसत होता. एका वेळी एकच फोटो, एवढ्या मोठ्या फिल्मवर. भाऊजी म्हणायचे, "त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मी आजवर नुसती नजर टाकत होतो, बघत नव्हतो." तसा कॅमेरा त्यांना हवा होता, पण त्याची फिल्म इथे मिळायची नाही आणि परदेशातून आणायची तर परवडणारी नव्हती. एक्स-रेची फिल्म मात्र रत्नागिरीतही मिळत होती, आणि अगदी त्याच मापाची. ती धुणारी बाई तर घरातच होती!

कॅमेरा घ्यायला ते मुंबईला गेले तेव्हा मलाही बरोबर नेलं. मला भावाकडे जायचंच होतं. जुन्या वस्तूंच्या बाजारात एका गाळ्यात तीन-चार मोठे कॅमेरे मांडून ठेवलेले. दुकानदारानं सगळ्यात आधी पुढे केला तो असा काही चकचकीत होता की मला वाटलं, झालं, हाच घेणार. पितळेचा लखलखाट, लाकडाला आरशासारखं पॉलिश. भाऊजींनी मागची झडप उघडली. आत काचच नव्हती. "हा कॅमेरा नाही, हे देवघर आहे," ते म्हणाले. दुकानदार हसला, म्हणाला, साहेब, आजकाल हॉटेलवाले हेच नेतात, आत दिवा लावतात. भाऊजींचा चेहरा मी पाहिला. अन्नात झुरळ निघाल्यावर होतो तसा झाला. दुसरा कॅमेरा दिसायला बरा होता, पण त्यांनी खिशातून बॅटरी काढली, भात्याच्या आत पेटवली, वर कापड घेतलं आणि मला म्हणाले, "वहिनी, बाहेरून बघा." काळ्या चामड्यावर चांदण्या उगवल्या होत्या. सगळ्या घड्यांच्या कोपऱ्यांत भोकं, वरून काळा रंग फासून झाकलेली. "ह्याच्यातून नुसता उजेड गळणार. रंग फासणाऱ्याला लाज वाटली नसेल?" असं ते दुकानदारासमोरच बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी जो घेतला तो सगळ्यात कुरूप होता. लाकडावर डाग, एक पट्टी कुणीतरी साध्या खिळ्यानं ठोकलेली, पितळ काळंठिक्कर. पण भात्यात एक चांदणी नाही. भिंगाचा पुढचा पाट आणि काचेचा मागचा पाट त्यांनी काटकोन बघायचा गुण्या लावून तपासले, दोन्ही सरळ. फिल्म ठेवायचा लाकडी होल्डर मागे सरकवून पाहिला. घट्ट बसला, हलवला तरी करकरला नाही. भिंग वेगळं घेतलं. ते उजेडासमोर तिरकं धरून आत बुरशीची जाळी आहे का बघितली, कारण कोकणातल्या दमट हवेत एकदा बुरशी धरली की संपलं. मग शटर कानाशी धरून हळू वेगावर पुन्हा पुन्हा ओढलं. "आवाज अडखळला की समजावं, आत तेल सुकलंय," ते म्हणाले. दुकानदार कंटाळून म्हणाला, "शोला ठेवायचाय ना? मग इतकं काय बघता?" भाऊजींनी पैसे मोजून दिले. गाळ्याबाहेर आल्यावर मात्र मला म्हणाले, "शो हा शब्द ऐकला की मला मळमळतं."

गावच्या घराची न्हाणी त्यांनी आतून काळी केली, फटीत कापूस कोंबला आणि लाल दिवा लावला. सुट्टीच्या दिवशी मी जायचे. एक्स-रेच्या फिल्मला दोन्ही बाजूंनी थर असतो, नख लागलं तरी ओरखडा उठतो. म्हणून ट्रेच्या तळाशी काच ठेवायची, नखं कापायची, बोटांच्या पेरांनीच फिल्म हलवायची, हे मी त्यांना शिकवलं. सुरुवातीच्या सगळ्या फिल्मवर ओरखडेच ओरखडे. ते स्वतःलाच शिव्या घालायचे, मग मला ऐकू गेल्या म्हणून माफी मागायचे. पण काम त्यांचं होतं, मी हात लावणारी. सड्यावर ते कॅमेरा पाठीवर मारून चालत जायचे, तिवई दुसऱ्या खांद्यावर. जागा ठरायला आख्खी सकाळ जायची. फोटो काढायचा तो एक. कधी काढायचाच नाही, तसेच परत. मी एकदा वैतागून म्हटलं, "भाऊजी, एवढं वाहून आणलंत तर काढा की एक!" तर म्हणाले, "आणलंय म्हणून काढायचा? काढण्यासारखं दिसलं तर काढायचा."

सड्यावर एक तळं होतं. होतं… हा शब्द लिहितानासुद्धा जीभ कडू होते. माणसानं खोदलेलं नव्हे, कातळातलाच खोलगट भाग, पण त्याला खालून झरा होता, आणि शिमग्याच्या पालख्या नाचून गेल्या तरी त्यात पाणी राहायचं. आमच्या आणि शेजारच्या वाडीची गुरं तिथेच पाणी प्यायची. पलीकडच्या काठावर एक सावरीचं झाड. भाऊजींनी तो फोटो काढला त्या सकाळी मी बरोबर होते. सावर निष्पर्ण होती आणि लाल फुलांनी लगडलेली, तळ्यात तिचं प्रतिबिंब. काठावर म्हशी, आणि म्हशींजवळ कळशी घेऊन उभी असलेली पार्वतीकाकू, आमच्या वाडीतली. "काकू, जरा हलू नको गो," भाऊजी कापडाखालून ओरडले. तिनं विचारलं, "साडी जुनी हाय, चालंल काय?" पुढचा पाट त्यांनी थोडा पुढे झुकवला, म्हणजे पायाशी असलेलं कातळ आणि पलीकडची सावर दोन्ही सारखी धारदार झाली. मलाही काचेवर बघू दिलं. पाणी वर, आकाश खाली, आणि त्यात उलटी लटकलेली काकू इतकी स्पष्ट की तिच्या कपाळावरची टिकली दिसत होती. मोठी फिल्म असली की फोटोचा कागद तिच्या खाली ठेवून वर नुसता दिवा लावायचा, त्याच मापाचा फोटो तयार. तो फोटो ओटीवर लागला, आणि गाव येऊन बघून गेलं. पार्वतीकाकू तर माहेरच्यांना घेऊन आली होती.

आणि मग विलासशेठला सडा हवा झाला. चिरेखाण काढायची होती त्याला. आमच्याकडे घरं बांधायला लागतो तो तांबडा चिरा ह्याच कातळातून कापतात. परवानगीच्या कागदात त्यानं लिहून दिलं की सड्यावर कायमचा पाणवठा नाही, पावसाचं पाणी साचतं ते दिवाळीपर्यंत आटतं. ग्रामसभेत कुणी तोंड उघडलं नाही. निम्म्या घरांतला कुणी ना कुणी त्याच्या डंपरवर, मशीनवर, नाहीतर हिशेबाला लागणार होता. भाऊजींनी एकट्यानं हरकत घेतली. सुनावणीला ते तो फोटो घेऊन गेले, आणि नुसता कागदावरचा नव्हे, निगेटिव्हसुद्धा. मी आणि मधुकरही गेलो होतो. ते म्हणाले, "सावरीला फुलं आहेत बघा. सावर कधी फुलते ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तळं भरलेलं आहे. म्हणजे पाणी शिमग्याला असतं." सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फोटो हातात घेतला, लक्षपूर्वक पाहिला. तेवढ्यात विलासचा वकील म्हणाला, "पण साहेब, सावरीची फुलं लाल असतात. ह्यात तर कुळकुळीत काळी आहेत. हे कॉम्प्युटरवर केलंय." खोलीत हशा पिकला. मी उठून सांगितलं की एक्स-रेच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नाही, म्हणून तर ती आम्ही लाल दिव्यात धुतो, म्हणून लाल फूल काळं येतं. माझं ऐकून साहेबांनी मान हलवली. त्यांना पटलंही असावं. त्यांनी विचारलं, "फोटोत ही बाई आहे, ती आली आहे का?"

पार्वतीकाकू आली होती. विलासनंच गाडीतून आणली होती सगळ्यांना. ती पुढे आली, फोटोकडे बघितलं, आणि खाली मान घालून म्हणाली, "मी नाय ती. ह्या तलं पन आमच्या गावातला नाय." मागून एकेक जण म्हणायला लागला, आमच्यातलं नाही, आमच्यातलं नाही… ह्यातल्या प्रत्येकाच्या गोठ्यातल्या जनावरानं त्या तळ्याचं पाणी प्यालं होतं. मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. मधुकर खिडकीबाहेर बघत होते. त्या खोलीतला पंखा, घामाचा वास, माणसांचे ते खाली घातलेले डोळे, ह्या सगळ्याची मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही. दवाखान्यात मी सडलेल्या जखमा पाहिल्यात, फुटलेली हाडं पाहिलीत. तेव्हा कधी तोंड फिरवलं नाही. त्या दिवशी फिरवलं.

परतताना भाऊजी गाडीत निगेटिव्ह मांडीवर धरून बसले होते. मी पार्वतीकाकूच्या नावानं नाही नाही ते बोलले. तर म्हणाले, "तिला बोलू नका, वहिनी. तिच्या मुलाला कालच डंपरवर घेतलंय. तिची मला किळस नाही येत. मला त्याची येते, ज्यानं तिला हे बोलायला लावलं आणि वर येताना सगळ्यांना सरबत पाजलं." मधुकरना ते एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. ओटीवरचा तो फोटो तेवढा त्यांनी उतरवून आत ठेवला.

परवानगी मिळाली, खाण सुरू झाली. झरा कुठे फुटला, कुणाला कळलंसुद्धा नाही. एका उन्हाळ्यात तळ्यात लाल चिखल होता, दुसऱ्या उन्हाळ्यात तळ्याची जागाच नव्हती. यंत्राची करवत सकाळपासून किंचाळायची आणि अंगणातल्या तुळशीवर तांबडी धूळ बसायची. सड्यावर जायचं भाऊजींनी सोडलं. मग ते माणसांचे फोटो काढू लागले, ज्यांना हवे असतील त्यांचे, ओटीवर बसवून. फार कमी जण आले. विलासला वाईट वाटेल म्हणून गाव त्यांच्याकडे जाईनासं झालं होतं. दापोलीकडे हर्णैला जाऊन त्यांनी मासळीच्या लिलावाचे काही फोटो काढले, पण तिथली गडबड एका जागी थांबत नाही आणि ह्यांचा कॅमेरा तर थांबणाऱ्यांसाठीच. "सगळे हललेत," निगेटिव्ह बघून ते म्हणाले, "पण पाटीतली सुरमई मात्र शिस्तीत पडून आहे." असा त्यांचा विनोद. शेवटची काही वर्षं त्यांची अशीच गेली. मी जायचे, आम्ही न्हाणीत काम करायचो, बाहेर धूळ बसत राहायची.

आता परवाचं सांगते. दिवस-कार्य आटोपून आम्ही गावच्या घरातच राहिलो होतो, सामान आवरायला. विलासशेठ एका सकाळी आला. पांढरा सदरा, हातात शाल आणि नारळ, चपला पायरीशी नीट काढून. मी चहा ठेवला, कारण दारात आलेल्याला चहा देतातच. तो म्हणाला, "मी काय म्हणतो, सुधीरकाकांचं नाव राहायला पाहिजे. खाणीचं काम आता झालं. तिथे आपण रिसॉर्ट करतोय." मग सांगितलं त्यानं. खाणीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी भरलंय, ते तसंच ठेवून त्यात पायांनी चालवायच्या बोटी सोडल्यात, काठावर खोल्या. नाव 'लेक व्ह्यू'. आणि स्वागतकक्षात काकांचा तो लाकडी कॅमेरा ठेवायचा, पितळ-बितळ घासून, आत एक पिवळा दिवा लावून. "लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढतील. व्हिंटेज लूक येतो."

मधुकर ऐकत होते. आदल्या दिवशीच मला म्हणाले होते की ती अवजड पेटी कुणाला तरी देऊन टाकू, पडून काय व्हायचंय. मला वाटलं, आता हो म्हणतील. विलासनं चहाचा एक घोट घेतला आणि पुढे म्हणाला, "आणि दादा, तो त्यांचा तळ्याचा फोटो असंल ना कुठे? तळ्याजवळ म्हशी, ती बाई, तोच. तो मोठा करून मागच्या भिंतीवर लावू. म्हणजे गिऱ्हाईकाला कळतं, हे तळं इथे पूर्वीपासूनच आहे. आजकाल हेरिटेजला मागणी आहे."

मी पदर तोंडाशी धरला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर लाज तर नव्हतीच, पण लबाडीही नव्हती. त्याला आठवतच नव्हतं. जो फोटो त्यानं खोटा ठरवला तोच तो आता पुरावा म्हणून मागत होता, आणि दोन्ही वेळा तितक्याच प्रामाणिक तोंडानं. मधुकर उठले. विलासच्या पुढ्यातला कप उचलला, अर्धा भरलेला. विलासनं हात पुढे केला, म्हणाला, "दादा, प्यायचाय अजून." मधुकर म्हणाले, "नको पिऊस. ह्या घरातलं काही आता तुला नको." आणि कप घेऊन आत गेले, मोरीत ओतला. ओतल्याचा आवाज ओटीपर्यंत आला. विलास शाल आणि नारळ तिथेच ठेवून गेला. नारळ मी रस्त्यावर नेऊन ठेवला. शालीला हात लावला नाही, ती मधुकरनी काठीनं उचलली. चाळीस वर्षं संसार केला मी ह्या माणसाबरोबर. त्या सकाळी मला तो आवडला.

दुपारी मधुकरच म्हणाले, "तुला येतो का गं तो चालवायला?" मी एकटीनं कधी चालवला नव्हता. पण न्हाणीत फिल्मचा एक डबा होता, आणि हात शिकलेले असतात. आम्ही दोघं म्हातारी माणसं तो कॅमेरा आणि तिवई घेऊन रिक्षानं सड्याच्या वाटेपर्यंत गेलो आणि मग दर थोड्या अंतरावर बसत वर पोचलो. जिथे उभे राहून भाऊजींनी तळ्याचा फोटो काढला होता ती जागा मी शोधत होते. शोधता शोधता कळलं की ती जागा आता हवेत आहे. कातळच कापून नेलाय, खाली सरळ उतरलेल्या तांबड्या भिंती, आणि तळाशी हिरवट पाणी. त्यात बदकांच्या आकाराच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बोटी, चोची उघड्या. कडेला जमेल तितक्या जवळ मी तिवई रोवली. कापडाखाली डोकं घातलं तर विडीचा आणि हायपोचा वास आला… जरा वेळ तशीच थांबले. बाहेरून मधुकरनी विचारलं, "दिसतंय का काही?" म्हटलं, थांबा.

डोकं बाहेर काढलं तर पार्वतीकाकू उभी. डोक्यावर पातेऱ्याचा, वाळक्या पानांचा भारा, आता पार वाकलेली. भारा तिनं खाली टाकला. कॅमेऱ्याकडे बघितलं, मग मला म्हणाली, "मना दिसंल काय त्यातून?" मी कापड उचलून धरलं. ती आत वाकली, आणि बराच वेळ आतच राहिली. बाहेर आली, कडेशी गेली, आणि खाली त्या बदकांच्या पाण्यात थुंकली. मग तिथेच वळून उभी राहिली, पदर डोक्यावरून नीट घेऊन. मी होल्डर सरकवला, शटर ओढलं. तिला हलू नको म्हणून सांगावं लागलं नाही.

फिल्म मी त्याच दिवशी न्हाणीत धुतली. लाल दिव्यात पहिल्यांदा ती बदकं वर आली, निगेटिव्हवर काळीकुट्ट, मग आकाश. तांबड्या भिंतीचं काही उमटलंच नाही, तिथे फिल्म काचेसारखी कोरी राहिली. आणि मधे एक लहानशी आकृती. धुवून, चिमट्याला लावून दोरीवर टांगली. भाऊजींची एक सवय होती. ओलं निगेटिव्ह ते बघायचे नाहीत. "ओल्यात सगळंच चांगलं दिसतं, वहिनी," म्हणायचे, आणि न्हाणीचं दार ओढून मागच्या पायरीवर जाऊन बसायचे, विडी पेटवायचे, आणि वाळेपर्यंत आत फिरकायचे नाहीत. मीही दार ओढलं. पायरीवर मधुकर आधीच येऊन बसले होते. वर सड्यावर कुणीतरी रिसॉर्टच्या स्पीकरची चाचणी घेत होतं, हॅलो हॅलो चालू होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. कोकणातली हवा, एक्स-रेची जाड फिल्म, वाळायला वेळ लागणार होता.